दोन हिऱ्यांमधला तुकडा

परंड्याच्या बसस्थानकावर सकाळचं ऊन आधी पत्र्याच्या कडेवर रेंगाळलं, मग खांबावरून सावकाश उतरत बाकड्यावर बसलेल्या गौरीशंकरच्या गुडघ्यांवर येऊन टेकलं. वडिलांच्या हट्टापायी शिक्षण सोडून आपण दुकानात अडकलो, असं तो सगळ्यांना सांगे. शेजारी पुण्याच्या प्रयोगशाळेत परतणारी शिवकन्या आणि तिचे चुलते बोलत होते.

"दोन हिऱ्यांच्या मधी काय दाबता म्हणालीस?"

"बोराइड, नाना. धातू आन् बोरॉनचं संयुग. कणभर तुकडा."

"हिरे हायत तर अंगठी करावी, येडे!"

"ऐका की! लई दाबलं की आतले अणू जागा बदलतेत. नवी मांडणी होती, कधी तुकडा पहिल्यापेक्षा कठीण होतो."

"आमच्या चरकात तर उसाचं चिपाड होतं. आन् दाब काढल्यावर?"

"काही पुन्हा पहिल्यासारखे होतेत. काही तसेच ऱ्हातेत."

"मग त्यांला कोण धरून ठेवतंय?"

"कुणीच न्हाय, नाना. आपले आपणच ऱ्हातेत."

"लई आडमुठे की!"

कुर्डुवाडीची गाडी लागली. दोघं हसत उठले. गौरीशंकर बसूनच राहिला.

'तुला शिकायला जायचं तर जा,' असं वडील म्हणाले, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.