नऊने सुरू होणारी दहा आकडी संख्या

डायरीत दहा आकडी संख्या कधी लिहू नका रे, एवढंच सांगतो. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मनाने एक मोठी संख्या घ्यायची आणि ती मूळसंख्या आहे का, म्हणजे तिला कशानेच भाग जात नाही ना, हे रोज सकाळी एका भागाकाराने तपासायचं. या वेळची नऊने सुरू होत होती. बायकोने डायरी उघडली.

"हा कुणाचा मोबाइल नंबर?"

"कुणाचा नाही गं. संख्या आहे ती. चौदा दिवस झाले, कशानेच भाग जात नाहीये."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

"बंद करायला सांगितलात वाटतं," ती म्हणाली. "बसा. माझ्यासमोर करा भागाकार."

दोनपासून त्रेचाळीसपर्यंतच्या मूळसंख्या झाल्या होत्या, म्हणून सत्तेचाळीसने भागायला घेतलं. ती प्रत्येक वजाबाकी स्वतः तपासत होती. शेवटी बाकी शून्य आली. संख्या हातची गेली, पण निदान मी सुटलो असं वाटलं.

"बघ, गेला भाग. नंबर असता तर मी कशाला भागत बसलो असतो?"

"चौदा दिवस जात नव्हता," ती म्हणाली, "आणि मी समोर बसल्याबरोबर बरा गेला."