पाच टीव्ही, एक गोल

—नाही हो, बिघडलेत कुठे! टीव्हीला काय धाड भरलीय? पाचही ठणठणीत आहेत, चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. फक्त पाचही जण आपापल्या सवडीने चालतात. म्हणजे कसं – खिडकीतल्या टीव्हीवर गोल झालेला असतो, तेव्हा गल्ल्यावरच्या टीव्हीत तोच माणूस अजून बॉलमागे धावतोय, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीत तर बॉल अजून गोलकीपरच्या हातात! खिडकीकडचे ओरडतात, मधले माना वळवतात, कोपऱ्यातले कॉफी ढवळत म्हणतात, झाला वाटतं. अशी बघतं का कोणी मॅच? आणि हे डोकं कोणाचं, तर त्या टायवाल्या सेल्समनचं – मॅडम, वायरचा जमाना गेला, प्रत्येक टीव्हीला इंटरनेट देऊ, आपापलं चित्र आपापलं ओढून घेईल. ओढतात की! एका नळावर पाच जणी भांडतात तसे ओढतात. तुम्हीही त्याच्याच जातकुळीतले का? नसाल तर बरं. शिडी तिथे नको, टाइल हलते तिथली.

सहाला फायनल आहे. आता वाजलेत तीन. गेल्या मॅचला किती माणसं होती विचारा – अकरा. पन्नास खुर्च्या आणि अकरा डोकी, त्यातला एक झोपलेला. बाकीचे कुठे? ते काय, समोर! तो निळ्या पाटीचा गाळा दिसतोय ना, तिथे. एकच टीव्ही आहे त्याच्याकडे, भिंतीएवढा. आणि तिकडे गोल झाला की जी आरोळी उठते, ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आधी येते. माझ्या गिऱ्हाइकांना गोल दिसायच्या आधी ऐकू येतो! एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, ताई, टीव्ही बंद केलात तरी चालेल, समोरचं ऐकून कळतंय. असं तोंडावर. मी त्यांना कॉफी गार दिली.

कोण? गाळेवाला? भाऊ आहे माझा. धाकटा. त्याला काय बघायचंय, शिडीवर लक्ष द्या. बारक्या म्हणतो आम्ही त्याला, आता अडतीस वर्षांचा घोडा झालाय. हे हॉटेल आम्ही दोघांनी मिळून चालवलं, बाबा गेल्यावर. मी गल्ला, मी स्वयंपाकघर, मी माणसं. आणि तो? तो वायरी ओढायचा. गल्ल्याखाली एक डबी, डबीतून पाच वायरी, छतातून पाच टीव्हींना. एकच चित्र, पाचही ठिकाणी एकाच क्षणी. गोल झाला की सगळं हॉटेल एकदम उठायचं, टेबलांवरचे पेले नाचायचे. – हो, चांगलं होतं. चांगलं नव्हतं असं कुठे म्हटलं मी? पण लोक यायचे ते माझ्या हातचं खायला! आणि कौतुक कोणाचं, तर वायरीचं. एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले मी, वायरी ओढण्यापलीकडे तू केलंस काय आजवर? ताट तसंच ठेवून उठला. महिन्याभरात समोर पाटी. दोन वर्षं झाली, बोलणं नाही. आई दुपारचा चहा तिकडे पिते आणि रात्री जेवायला माझ्याकडे येते. जोरात आहे तिचं.

वायरी कुठे गेल्या काय विचारता? कापल्या. मी. त्याची पाटी लागली त्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या कात्रीने, पाचही, भिंतीला लागून, परत जोडता येऊ नयेत अशा. म्हटलं, नको मला त्याचं काही. कात्रीची धार गेली ती गेलीच. मग तो टायवाला आला. आता तुम्हाला नव्या वायरी टाकायच्या म्हणजे सगळं छत उघडायचं, आणि सहापर्यंत ते होत नाही, हे कळतं मला, अगदीच बावळट नाही मी. करा काहीतरी. आज पन्नास खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या महिन्यात हॉटेल बंद करते. खरंच करते. आणि तो समोर उभा राहून बघेल, ते मला सोसायचं नाही.

अहो, तिकडे कुठे चाललात? ती छताची फळी उचलू नका, तिथे काही– हे काय आहे? वेटोळी? पाच? त्याने वर ठेवून दिलीय एवढी वायर? प्रत्येकीची दोन-दोन हात जास्त? म्हणजे खालून कापली तरी वरून ओढून घेता येईल अशी... हा असाच. नको तिथे शहाणा. पहिल्यापासून.

थांबा. एवढ्या फळ्यांत तुम्ही सरळ त्याच फळीला हात घातलात. दोन वर्षांत मला माहीत नाही ते तुम्हाला – कोणी सांगितलं? बोला की. खाली बघू नका, माझ्याकडे बघा. मी तुम्हाला फोन केलाच नव्हता, आईने केला. आईला नंबर कोणी दिला?

– बरं. करा काम. खाली ओढा ती वायर. ओढा म्हणते ना! आणि तिकडे गेलात, त्याने विचारलं तर सांगा, वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. ताईने नाही. उंदरांनी. एवढं सांगाल ना?

काय? माहीत आहे त्याला?

कधीपासून?

...जोडा तुम्ही. माझ्याशी बोलू नका.