वरचे नऊशे बारा

— नाही, नाही, ते "सिस्टीम घेत नाही" परत नको सांगू मला, नितेश. मघाशी पण तेच सांगितलंस. सिस्टीमला मी कुठे ओळखते, मी तुला ओळखते — तुझ्या ताईच्या लग्नाला दोनशे सांदणं कोणी पाठवली होती? मी. राजिवड्यातून रिक्षा करून. म्हणून बँकेत पण तुला अरे-तुरे करते, रागावू नको हां. आता नीट ऐक. कार्डाचं माझं लिमिट आहे पंचवीस हजार. अलिझाला फार्मसीची सीट लागलीय, देवरूखकडच्या कॉलेजात — यादीत नाव आलंय, स्वतःच्या मार्कांवर, कुणाच्या वशिल्याने नाही. फी ब्याण्णव हजार. शुक्रवारी दोन तारीख, त्या दिवशी पाचच्या आत भरायची, नाही भरली तर सीट खालच्या नंबरला. आणि तिच्या अब्बांचे पैसे मस्कतहून येतात दहा तारखेला. मधे राहिले किती? आठ दिवस. तेवढ्यासाठी लिमिट लाखाचं कर, दहाला मी सगळं भरते, मग पाहिजे तर परत पंचवीस कर, पाच कर, नाहीतर माझ्यासमोर कार्ड कापून टाक. यात अवघड ते काय आहे?

स्कोअर. होय, माहीत आहे, पाचशे एकसष्ट. अलिझाने मोबाईलवर काढून दाखवला, लाल रंगात. पोरगी बारावीला सत्त्याऐंशी टक्के आणते आणि आई नापास! मग मी व्हिडिओ बघितले — कमी स्कोअर असताना लिमिट कसं वाढवायचं — चांगले चार-पाच बघितले, जेवण करता करता. एक जण म्हणतो, लिमिटच्या तीस टक्क्यांवर खर्च करू नका. पंचवीस हजाराचे तीस टक्के किती रे? साडेसात हजार. आता साडेसात हजारच खर्च करायचे असते तर लाख मागायला मी आले असते का? दुसरा म्हणतो, सहा महिने वेळेवर बिल भरा आणि मग अर्ज करा. कॉलेजला सांगू, सहा महिने थांबा म्हणून? तिसरा म्हणतो, उत्पन्न वाढलंय असा पुरावा द्या. माझं उत्पन्न म्हणजे सांदणं आणि समोसे, त्याची पगाराची स्लिप कोण देणार, तुझी आई? आणि एक म्हणतो एफडी ठेवा, तिच्यावर कार्ड मिळतं — अरे, ठेवायला पैसे असते तर ते फीलाच नसते का भरले? हसू नको. मला हसायला येत नाहीये.

बरं, आता तो स्कोअर पडला कशाने ते पण ऐक, कारण तुमच्या त्या कॉम्प्युटरात मी पैसे बुडवणारी म्हणून दिसते, आणि ते खोटं आहे. मी कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही. दोन वर्षांमागे फ्रीज घेतला या कार्डावर, अठरा हजार सहाशे चाळीस. तुझ्या आधी इथे एक मुलगी बसायची, तिने खात्रीने सांगितलेलं, वेळेत भरलंत तर व्याज शून्य — म्हणून तर कार्ड घेतलं मी, नाहीतर व्याजाच्या वाटेला आम्ही जात नाही, तुला ठाऊक आहे. त्या महिन्यात मस्कतहून पैसे आले तीन दिवस उशिरा. आले त्याच दिवशी मी इथे येऊन भरले — अठरा हजार सहाशे चाळीस, मोजून. पुढच्या महिन्यात कागद आला, अजून नऊशे बारा रुपये. कसले? तर व्याज आणि दंड. मी म्हटलं, फ्रीजचे पैसे दिले, फ्रीज माझा झाला, वरचे नऊशे बारा देणार नाही. गरिबी आलेली नव्हती माझ्यावर, होते पैसे, डब्यात होते! पण सूद द्यायचा नाही म्हणजे नाही. आणि असं बघ, बचतखात्यावर तुम्ही मला व्याज टाकता, ते मी खाते का? नाही. दर सहा महिन्यांनी काढते आणि गरजूला देऊन टाकते, त्याचा चहासुद्धा पीत नाही. तुमचं व्याज मी घेत नाही, माझं तुम्ही घेऊ नका — सरळ होतं माझ्या डोक्यात. कार्ड कपाटात टाकलं नि विसरले.

तुम्ही नाही विसरलात. दर महिन्याला दंड, दंडावर व्याज, दहा महिन्यांत त्या नऊशे बाराचे सात हजार झाले. मग वसुलीचा माणूस आला घरी — रमजानात, रोजा सोडायच्या अर्धा तास आधी, दारात उभा राहून मोठ्याने नाव घेऊन. शेजारच्या बायका खिडक्यांत. मस्कतला युसुफना फोन केला तर ते म्हणाले, रहिमा, देऊन टाक, अल्ला बघतोय आपली मजबुरी. दिले. रडत दिले. संपलं ना मग? सात हजार घेतलेत, मग ते लाल कशाला ठेवलंय अजून?

काय? शैक्षणिक कर्ज? तेच सांगायचं होतं तर एवढा वेळ ऐकत कशाला बसलास? कर्ज म्हणजे सात-आठ वर्षं व्याज. अलिझा पहिल्या दिवसापासून व्याजावर शिकणार? नको. आठ दिवसांचं काम आहे म्हटलं ना... सोनं? सोनं विकलं की, त्याच्यावर तर घर चाललंय तीन म— काही नाही. हाताकडे काय बघतोस? बांगड्या जुन्या झाल्या होत्या.

दार लोट जरा. अलिझा बाहेर बसलीय.

तीन महिने काही आलेलं नाही मस्कतहून. कंपनी आज देते, उद्या देते. चार माणसं एका खोलीत, जेवण एकाच्या उधारीवर. फोनवर म्हणतात दहाला नक्की — मागच्या महिन्यात पण दहालाच नक्की होतं. जमातीत मागितलं तर मिळेल, बिनव्याजी मिळेल, पण मागताना कारण सांगावं लागेल, आणि युसुफनी शपथ घातलीय, गावात कळू देऊ नको. पोरीला पण ठाऊक नाही. ती वह्यांवर कव्हर घालत बसलीय रे.

म्हणजे दहाला मी भरू शकले नसते. होय. खोटं बोलले तुझ्याशी, इतकी सांदणं खाल्लेल्या पोराशी.

मग ते कर्जच करा. लावा व्याज, साहेब. किती लावायचं तेवढं लावा, सात वर्षं लावा, दहा लावा, मी सही करते. त्याचा गुन्हा माझ्या डोक्यावर, पोरीच्या नाही. कागद काढा, कुठे करायची सही? आधारकार्ड आणलंय, फोटो आणलेत, पॅन—

माझा कशाला लागतो? कर्ज तर अलिझाच्या नावावर ना?

आईची पण सही लागते. बाप परदेशात म्हणून आईची. आणि आईचा स्कोअर.

तोच?

नाही, पाणी नको. तुमचा काय दोष, तुम्ही बसलात खुर्चीवर, समोर येतं ते वाचता. द्या ते फोटो इकडे. पोरगी विचारेल तर तुम्ही काही बोलू नका, मीच सांगते, आज सर्व्हर बंद आहे म्हणून. विश्वास ठेवते ती माझ्यावर.

बोलवा पुढच्याला.