मोहळ आणि न दिलेला होकार

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय लटारूभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे, नागपूरहून मुद्दाम आलेले कंपनीचे साहेब, आजचे सत्कारमूर्ती निकेशभाऊ, आणि या उकाड्यात राजुऱ्यापर्यंत आलेल्या माझ्या बाया-बापड्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी दिव्यानी कोडापे, जिवतीची. मला गौरवपर बोलायला सांगितलं आहे. सूत्रसंचालकांनी निकेशभाऊंना आत्ताच 'मोहळचे जनक' म्हटलं. टाळ्याही झाल्या. मी वाजवल्या नाहीत, हे पहिल्या रांगेनं पाहिलंच असेल.

मोहळ म्हणजे काय, हे नवख्यांसाठी सांगते. गावोगावचे लहान संगणक एकमेकांना जोडून एक मोठं सामायिक कोठार करायचं, त्याचं हे सॉफ्टवेअर. आपल्या ग्रामसभांचे नकाशे, ठराव, शाळांचे धडे त्यात राहतात. ते सगळ्यांसाठी खुलं. कोणीही उघडून वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. सुरुवात निकेशभाऊंनी केली, हे मी नाकारत नाही. पण पुढची सहा वर्षं दुरुस्त्या तपासल्या कोणी? मुलचेऱ्याच्या कलाबाईंनी गोंडी भाषा घातली, नेटवर्क तुटल्यावर मोहळनं काय करायचं तो भाग मी लिहिला, आणखी कितीतरी जण आले. आज पडद्यावर यातलं एक तरी नाव दिसलं का तुम्हाला?

त्या माझ्या भागाबद्दल थोडं बोलते, साहेबांना उपयोगी पडेल. आमच्याकडे नेटवर्क येतं आणि जातं. एखाद्या गावाच्या संगणकाचं उत्तर आलं नाही, तर तो हो म्हणाला असं मोहळ कधीच धरत नाही. ते थांबतं. ही रीत आम्ही ग्रामसभेतून घेतली. तिथं कोपऱ्यात गप्प बसलेल्या म्हातारीलाही विचारल्याशिवाय ठराव होत नाही. हा नियम ठेवायला निकेशभाऊंनीच माझ्याशी भांडून भांडून सांगितलं होतं.

आणि त्याच माणसानं या मे महिन्यात सगळ्यांना एक मेल पाठवला. मोहळ आता या साहेबांच्या कंपनीचं होणार, खुलं राहणार नाही, ज्याचं उत्तर येणार नाही त्याची संमती समजू. मे महिना! निम्मे लोक विडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात. फोनला रेंज नाही. निकेशभाऊ, तुम्ही याच मातीतले, तुम्हाला हंगाम माहीत नव्हता? माहीत होता, म्हणूनच तो निवडला. याला मी चलाखीसुद्धा म्हणणार नाही. याला आमच्याकडे दगा म्हणतात.

कलाबाई जंगलातून परतल्या तेव्हा त्यांचं नाव संमती देणाऱ्यांत होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मी पानं तोडून राह्यली होती. मले कोणी इचारलंच नाई, मंग 'हो' कोणं म्हटलं?" गावांना तर निरोप गेले आहेत की कंपनीशी करार करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मोहळ बंद पडेल.

मग मला आज का बोलावलं? कारण मी मेलला 'नाही' असं उत्तर दिलं होतं. ज्यानं जे लिहिलं ते त्याचं असतं, त्याच्या होकाराशिवाय त्या लिखाणाला कुलूप लावता येत नाही. परवा निकेशभाऊंचा फोन आला. "दिव्यानी, तुले स्टेजवर बोलावून राह्यलो. चार गोड शब्द बोल, शाल घे अन् सही करून टाक. बाकीचे तं गप्पच हायेत." तो संमतीचा कागद समोरच्या टेबलावर, फुलांच्या तबकाखाली आहे. लोकांसमोर बाई नाही कशी म्हणेल, असा हिशेब असावा.

तर सभेसमोर सांगते. माझी हरकत आहे. मी सही करणार नाही. कलाबाई मागच्या रांगेत आहेत, त्यांचीही हरकत आहे. आजवरचं मोहळ खुलंच आहे, आणि त्याची प्रत घेऊन पुढचं काम आम्ही कालपासून इंटरनेटवर दुसऱ्या जागी सुरू केलं आहे. कोणत्याही गावानं घाबरून करार करू नये. काही बंद पडणार नाही. निकेशभाऊंकडे जुन्या जागेची किल्ली आहे, ती त्यांना लखलाभ.

संयोजकांनी माइक मध्येच बंद केला नाही, त्याबद्दल आभार. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल तर लटारूभाऊ, तुम्ही वडीलधारे आहात, मला क्षमा करा. सभेनंही करावी. निकेशभाऊ, तुमच्याकडे मी क्षमा मागत नाही.