ती नळी खराब नव्हती

काकू, सेक्रेटरी साहेब, येरमाळ्याहून जीप करून आलेली मंडळी, आणि आपल्या क्लबची सगळी मुलं-मुली. सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलंय. हातातला कागद हलताना दिसला तर माळावरचा वारा समजा.

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी या शेडमध्ये बसून लक्ष्याचे कागद मोजत होतो. चाळीस झाले होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला. "नागेश, हे गेले रं." फोन ठेवला आणि मी कागद पुन्हा पहिल्यापासून मोजले. का मोजले, मला सांगता येत नाही.

अंबादासकाकांनी चहा मागितला होता. काकू कप घेऊन येईपर्यंत ते गेले होते. त्रास झाला नाही. एवढं बरं झालं.

जे त्यांना ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. काका फौजेत आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. पेन्शन झाल्यावर आपल्या रायफल क्लबच्या बंदुका तेच बघायचे. मी आठवीत शाळा सोडून इथं झाडलोट करायला आलो. माझ्या हातात पहिला स्क्रू ड्रायव्हर काकांनी दिला.

आज मला एक गोष्ट कबूल करायची आहे. साहेब, तुम्हीही ऐका. तीन वर्षं मी ती पोटात ठेवली.

आपल्या माळावर वारा किती, हे सांगायला नको. समोर पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात? आपल्या पॉइंट टू टू रायफलीची हलकी गोळी पन्नास मीटरवर जाईपर्यंत वारा तिला बाजूला ढकलतो. आपल्या क्लबच्या वैष्णवीची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. काका म्हणाले, "जड गोळी मागवा साहेब. जड गोळीला वारा लई हलवत न्हाय." क्लबनं मागवली. ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप; नेहमीची चाळीस ग्रेनची, ही साठ ग्रेनची.

वैष्णवीनं दहा गोळ्या झाडल्या. कागद आणून बघितला तर भोकं गोल नव्हती. लांबट होती. गोळी टोकानं न जाता आडवी होऊन कागदातून गेली होती. दोन तर कागदाला लागल्याच नव्हत्या. पोरगी रडायला लागली.

साहेब, तुम्ही मला विचारलंत, "नळी कुणी साफ केली?" मी म्हणालो, मी. तुम्ही म्हणालात, "नळी मारलीस तू. घरी जा."

तुमचा राग मी धरला नाही. कारण मला वाटत होतं, तुमचं खरं आहे. आदल्या दिवशी मी घाईत होतो. साफ करायचा गज मागच्या बाजूनं घालायचा असतो. काकांनी शंभर वेळा सांगितलं होतं. मी तो पुढून, नळीच्या तोंडातून घातला. लोखंडी गज. तोंडाच्या कडेला घासला, त्याचा आवाज मला ऐकू आला. ती कडा खराब झाली की गोळी वाकडी जाते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. काकांनाही सांगितलं नाही.

दुपारच्या सुट्टीत काका रायफल घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावलं. मी बाहेर उभा. आतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मग बाहेर येऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, नळी चांगली हाय. गोळी म्या मागवायला लावली. चूक माझी हाय. पोराला काय बोलू नका."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. तळहातावर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"जाडी बघ."

"सारखीच आहे, काका."

"मग वाढलेलं वजन गेलं कुठं?"

"लांबीत."

"व्हय. आता, लांब गोळी सरळ जायला तिला जास्त गिरकी पायजे. गिरकी कोण देतं? नळीतल्या आट्यांचा, त्या आत कोरलेल्या खाचांचा पीळ. चल, मोज."

गजाला घट्ट चिंधी लावून मागून घालायला लावली. गजावर खडूनं एक खूण केली. गज आत सरकवला की आट्यांबरोबर तो आपोआप फिरतो. खुणेचा एक पूर्ण फेरा झाला तेव्हा गज किती आत गेला, ते पट्टीनं मोजलं. सोळा इंच.

"सोळा इंचात एक फेरा," काका म्हणाले. "चाळीस ग्रेनला पुरतो. हिला नऊ इंचात एक पायजे हुता. फौजेतल्या रायफलीत जड गोळी चालायची, तीच सवय डोक्यात. आधी पीळ मोजायचा सोडून म्या गोळीच मागवली. तीस वर्षं बंदुका उघडल्या आन् हे इसरलो."

नेहमीच्या गोळ्या झाडून बघितल्या. भोकं गोल आली. वैष्णवी पुढं चाचणीत पास झाली. साहेबांनी मला कामावर ठेवलं. सगळ्यांपुरतं प्रकरण मिटलं.

माझ्यापुरतं नाही मिटलं. मंडळी, मला वाटायचं, तो घासल्याचा आवाज कसला? काकांनी दार लावून नळीचं तोंड नीट करून दिलं असणार. मी बिघडवलेलं. आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून, आयुष्यभर कमावलेलं नाव बाजूला ठेवून, सगळ्यांसमोर खोटं बोलले असणार. आपल्यातलेही काही जण म्हणायचे, "काकांनी पोराला वाचवलं." ते ऐकलं की मी उठून बाहेर जायचो. त्यांनी शिकवायला हाक मारली की मी मान खाली घालून जायचो. तीन वर्षं.

विचारायला काय झालं होतं? तीन शब्दांचं काम. पण नाही विचारलं.

रविवारी दारूगोळ्याच्या कपाटाची मोजदाद होती, आजवर ती काकाच करायचे. साहेब आणि मी. खालच्या कप्प्यात एक पाकीट निघालं. वर काकांचं अक्षर. "साठ ग्रेन. पाच नग. पुढच्या आर्मररसाठी. या नळीला चालत नाहीत. शंका आल्यास झाडून बघाव्या."

मी हिशोब केला. काकांनी तेव्हा तोंड दुरुस्त केलं असेल, तर या गोळ्या आज गोल भोकं पाडतील. नळी मुळातच चांगली असेल, तर आजही आडव्या जातील. साहेबांना म्हणालो, "साहेब, त्याच रायफलीतून झाडू का?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "झाड," म्हणाले.

चटईवर पालथा पडून पहिली झाडली. दुर्बिणीतून बघायची हिंमत झाली नाही. साहेबांनीच बघितलं.

"नागेश, आडवी गेली की रे ही."

दुसरी आडवी. तिसरी आडवी. पाचही आडव्या.

मी चटईवरच पडून राहिलो. हसू यायला लागलं. काका जाऊन पाच दिवस झालेले आणि मी हसतोय. लाज वाटली. तसाच काकूंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. गजाचंही सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मग तीन वर्सं काय केलंस? इचारायचं की त्यांना!"

"भ्या वाटायचं, काकू."

"कशाचं? मारलं असतं व्हय त्यांनी?"

"नाही. 'व्हय, खोटं बोललो' म्हणाले असते तर?"

मग मी त्या आवाजाचं विचारलं. काकू म्हणाल्या, "डबा घासत असतील. जेवण झालं की राख लावून तिथंच डबा घासायचे. जलमात एकदा खरकटा डबा घरी आणला न्हाय."

डबा. तीन वर्षं माझी झोप त्या डब्यानं नेली.

काकू, तुम्ही तेव्हा हसलात. फोन आल्यापासून मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघितलं.

मंडळी, माझं मन आज हलकं आहे. शोकसभेत असं म्हणावं की नाही, मला कळत नाही. काका गेले, त्याचं दुःख आहेच. पण ते माझ्यासाठी खोटं बोलले नव्हते. चूक त्यांची होती, ती त्यांनी मोजून बघितली आणि भर दुपारी पंचवीस माणसांत सांगितली. माझी चूक वेगळी होती. ती मी आज तुमच्यासमोर सांगितली.

पाच गोळ्या संपल्या. पाकीट रिकामं आहे. आता शंका तपासायला काही उरलं नाही, आणि मला शंकाही उरलेली नाही.

आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं, काकांना चाललं असतं.

काका, जय भीम.