धोतऱ्याचा चहा

धोतरा दम्यावर चांगला, असं आत्ता म्हणलीस ना बाई, ते खरंय. पण माझ्या हातून काय झालं ते ऐक.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आम्ही हसनाबादला होतो. माझे सासरे जुने मेंढरंवाले, त्यांना दमा. धोतऱ्याचं वाळलेलं पान बिडीत भरून दोन झुरके मारले की छाती मोकळी व्हायची. त्या दिवशी वाळलेली पानं संपल्ती, आन् मामा लई धापा टाकून राह्यले होते. मला वाटलं, नुसत्या धुरानं एवढा आराम पडतो, तं पोटात गेल्यावर किती पडंल! परसातल्या धोतऱ्याच्या बिया ठेचून मीच चहात उकळल्या.

घंटाभरात त्यांचे डोळे मोठे झाले, तोंड कोरडं पडलं. मंग ते हवेतच लोकर कातायला लागले. हातात ना लोकर, ना धागा पिळायची चाती. समोर बघून हसले, "सगुणे, हळू कात. धागा तुटंल."

सगुणा म्हंजी माझी सासू. तिला जाऊन चार वर्षं झाल्ती.

मी बोंबलत बाहेर पळाले. लोकांनी जीपमधून जालन्याला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी मामा शुद्धीवर आले. मी पाय धरले, "मामा, माझी चुकी झाली." ते दाराकडंच बघत राह्यले.

घरी येऊन मी परसातला धोतरा मुळासकट उपटला. मामा त्यानंतर सहा वर्षं जगले. पण रोज चहाचा पहिला घोट घेतला की कप खाली ठेवायचे.

"पोरी, तसा चहा पुन्हा न्हाई जमला तुला."