मागेत जोपच्या शिव्या

— नाही नाही, तो फोन आधी खाली ठेव, मग बोल. साखर आणलीस? ठेव तिथं चटईवर. आणि हे काय, कोलाच्या बियासुद्धा? बघा, म्हणजे झालंच. जोपच्या घरातला माणूस न्जायच्या घरी साखर आणि कोला दोन्ही घेऊन येतो, तेव्हा समजायचं, की जाताना तो घराचं छप्पर उचलून नेणार. हसतोस काय? बस. तिथं नको रे, भाताच्या पातेल्यापासून लांब बस — तुम्हा जोप लोकांचा हात कधी कुठं जाईल सांगता येत नाही. आमचे गुलाम असलात म्हणून काय झालं, गुलामालाही पोट असतंच की. हां, उलट बोल ना, बोल! गप्प का? डाकारच्या त्या थंडगार खोलीत बसून बसून जीभ गोठली वाटतं तुझी. माझी जोडीदारीण मागेत जोप असती तर आत्तापर्यंत माझ्या सात पिढ्यांना तिनं खादाड ठरवलं असतं. पूर्वापार थट्टेचं नातं आपल्या आडनावांचं; न्जाय आणि जोप समोरासमोर आले आणि एकमेकांचा उद्धार न करता उठले, असं कधी झालंय का? मग तू असा गप्प बसतोस, म्हणजे तुझ्या मनात काहीतरी आहे, बिरान. मला वास येतो. मासळीत जन्म गेला माझा, ताजं काय आणि नासलं काय ते मला झाकणावरूनच कळतं.

तर काय म्हणत होतास — फोनवरच्या आपल्या खेळाचा दुसरा भाग. नवीन माणसं. आणि जुन्यांना काय करणार? कुठं ठेवणार? थांब, मला बोलू दे. 'होती एक फारी न्जाय, होती एक मागेत जोप, आणि होतं एक घोडं, ते दोघींपेक्षा शहाणं होतं' — असा सुरू होतो आपला खेळ, माझ्याच आवाजात, आणि सुरू झाल्याझाल्या ती मध्येच म्हणते, 'घोड्याचं नाव आधी घे गं, मासळी ते ओढतं, तू नुसती बसतेस.' हे तुम्ही लिहून दिलं नव्हतं हां. तुमच्या लोकांनी रुफिस्कच्या धक्क्यावर येऊन आमच्यासमोर आवाज पकडायची ती केसाळ काठी धरली, आणि आम्ही भांडतच होतो, तशाच भांडत राहिलो. तुमचा तो चष्मेवाला तर मध्ये पडून सोडवायला निघाला! त्याला वाटलं या दोघी एकमेकींचा जीव घेणार. अरे, जीव घ्यायचा असता तर तिच्या सगळ्या बाळंतपणांना मी उशाशी कशाला बसले असते?

आणि खेळ चालला तो कशामुळं, सांग बरं? तुम्ही म्हणालात, शर्यतीमुळं. दोघी गाडीवर, मागं मासळीच्या टोपल्या, बाजार गाठायचा, वाटेत बकऱ्या, खड्डे, बसगाड्या — छान, छान आहे ते. पण पोरं काय करायची? मी बघितलंय, आमच्या गल्लीत भिंतीला टेकून बसायची आणि मुद्दाम गाडी खड्ड्यात घालायची. का? गाडी उलटली की मागेत बोलायची ना! 'अगं न्जाय, रस्ता दिसत नाही का, की त्याच्यावर भात वाढलेला नाही म्हणून बघत नाहीस?' ते ऐकायला परत खड्डा, परत बकरी. जिंकायचं कुणालाच नव्हतं. तुम्ही जिंकायचा खेळ बनवलात आणि गावानं तो हरायला घेतला.

मग गेल्या खेपेला तू दाखवलास तो दुसरा भाग. आठवतंय? का विसरलास? घोडागाडी गेली, बस आली — येऊ दे, माझी ना नाही. पण त्यात माणसं कोण बसवलीत? एक भाऊ, एक बहीण. दोघांचंही आडनाव सार! भाऊ सार, बहीण सार, आणि गाडी आपटली की बहीण म्हणते, 'दादा, लागलं नाही ना?' अरे देवा! म्हणे तुझ्या साहेबांना वाटलं, बाहेरच्या देशातले लोक शिव्या ऐकून दुखावतील. न्जायनं जोपला गुलाम म्हटल्यानं कोण कधी दुखावलंय? न म्हटल्यानं दुखावतात. एकाच आडनावाची दोन माणसं घेतलीत, मग ती कशावर भांडणार, आणि भांडणार नाहीत तर लोक ऐकणार काय, बसचा आवाज? तेव्हा मी तुला काय म्हटलं — हे पहिल्याच्या पासंगालाही पुरणार नाही, ने परत. तू मान डोलावलीस आणि गेलास. आणि आज साखर. आज कोला. मी भोळी आहे का रे?

बरं, हेही सांग. तू गल्लीच्या तोंडाशी दिसलास आणि त्याच क्षणी माझ्या नातीला, न्दुंबेला, मावशीकडं काम निघालं. कोणतं काम? कधी नाही ती मावशी आज कशी आठवली? पोरगी वेण्या घालायच्या दुकानात टिकली नाही, कापडाच्या दुकानात टिकली नाही, गिऱ्हाइकाला तोंडावर बोलते म्हणून सगळीकडून घरी पाठवतात तिला — तिची आई तिकडं परदेशात, रोज फोनवर रडते, 'आई, हिचं कसं व्हायचं' — आणि तू आलास की ती पळते. तुझ्यात आणि तिच्यात काही आहे का? तसं असेल तर मागणीचा कोला स्वतः घेऊन यायचा नसतो, काकाला पाठवायचं असतं, एवढंही शिकवलं नाही का तुला घरात? ... नाही? शपथ? जोपची शपथ काय कामाची. बरं, नाही तर नाही. मग घाबरतोस कशाला, मला आजी बनवून माम माम करत?

चहा घे. पहिला पेला कडूच असतो, तोंड वाकडं करू नकोस.

मला खरं काय विचारायचंय ते विचारते. हा नवा खेळ फोनवर टाकला की जुना जातो का? हो की नाही, एवढंच सांग. शेजारच्या घरात तसंच झालं, काहीतरी नवीन उतरवलं आणि म्हाताऱ्याचे सगळे फोटो गेले. मला वाचता येत नाही, बिरान, मी त्या लाल गाडीच्या चित्रावर बोट ठेवते, एवढंच मला येतं. दुपारी भांडी झाली, नमाज झाली, की ठेवते. कशाला म्हणजे? वेळ जायला. मी आपली गाडी नेते खड्ड्यात — आणि ती बोलते. मग मी बोलते. फोनमधली मी नाही रे, ही मी, इथं चटईवर बसलेली. तिनं खादाड म्हटलं की मी तिला... जाऊ दे. लोक मेलेल्यांसाठी काय काय करतात, मी शिव्या ऐकते.

मागेतच्या मयतीला मी माझं काम चोख केलं हां. विचार कुणालाही. जोपच्या मयतीत न्जायनं हसवायचं असतं, नाहीतर कोण हसवणार? मी दारात उभी राहिले आणि ओरडले, 'ऊठ गं आळशे, भांडी घासायची वेळ झाली की बरोबर आडवी होतेस!' तिची लेकसुद्धा हसली, डोळ्यांत पाणी आणि हसतेय. सगळी हसली. मी पण हसले. आणि मग... चहा ओत. ओत म्हटलं ना.

ठेवणार म्हणतोस. जुना वेगळा, नवा वेगळा, दोन्ही राहणार. नक्की? कोण बघणार राहतो की नाही ते? तू? उद्या तुला दुसरीकडं नोकरी लागली म्हणजे? — हं. दुसऱ्या एका फोनवर घालून देतोस, जो कधी कशाला जोडायचाच नाही. आणलायस सोबत? दाखव. हा? लाल गाडी आहे का यात? ... आहे. दाबू? ... तिचाच आवाज आहे. बरं. हा माझ्याकडं राहील. परत मागायचा नाही.

आता दाखव तुझं ते नवीन. बस, हां. चालवणारी बाई. नाव काय तिचं? सेली. सेली काय? — सेली जोप! आणि मागच्या दारात लोंबकळणारा कोण? पाते न्जाय. अस्सं. म्हणजे कुणीतरी ऐकलं माझं. साहेबाला माहीत आहे, का तू परस्पर केलंस? चालव, चालव. मी नाही हात लावणार, तू चालव. ती बकरी — हां, घाल अंगावर. नको चुकवूस! घाल!

...

परत ऐकव.

परत. त्या खांबावर आपट या वेळी.

'ए न्जाय, तुझं पोट बसमध्ये आधी चढतं आणि तू नंतर, भाडं दोघांचं दे!' — हे मागेतचं नाही. मागेतनं हे कधी म्हटलं नव्हतं, तिच्या सगळ्या शिव्या मला पाठ आहेत. मी हसले? कुठं हसले? चहा ठसक्यात गेला. तू तुझं बघ, चालव. मात्र बोलायच्या आधी ती दातांतून हवा ओढते ना — च्स्स — थांब, परत लाव. तेवढंच लाव. हे मागेतचं आहे, असं तीच ओढायची, मासळीचा भाव कुणी पाडून मागितला की. ही सेली कोण आहे? आवाज कुणाचा? अंगठ्याखाली कुणाचं नाव लपवतोस तिथं, मला वाचता येत नाही तर लपवतोस कशाला? म्हणजे मला ऐकूनच कळेल अशी भीती आहे तर. च्स्स. च्स्स... मागेतच्या पाठीला बांधून कोण वाढलं रे? मी धक्क्यावर असायचे तेव्हा तिच्या पाठीवर कोण असायचं?

न्दुंबे.

माझी न्दुंबे! माझ्या पातेल्यातला भात खाऊन जोप झाली! न्जायची पोर आणि साऱ्या देशासमोर न्जायला खादाड म्हणते! म्हणून मावशी आठवली तिला! म्हणून तुझं ते माम माम! मी ना तुम्हा दोघांना... काय? काय म्हणालास? सगळ्या खेळात तिचाच आवाज? कायमची कामावर घेतली? सोमवारपासून, डाकारला, तोंडाला येईल ते बोलायला — आणि त्याबद्दल तिला कुणी घरी पाठवणार नाही? उलट अजून बोल म्हणतात? तिच्या आईला सांगितलंस? माझ्या आधी? बरं, बरं, रडली असेल ती, आनंदानंही रडतेच ती.

नव्याची जुन्याशी बरोबरी होते का, विचारत होतास ना. नाही, बरोबरी नाही. मागेतला मी माहीत होते, ती नेमकी माझ्यावर बोलायची. हिला अजून कुणावर बोलायचं ते कळलेलं नाही, ही सगळ्या न्जायांना एकच सांगते. पण शिकेल. घरात माझ्याशी भांडून शिकेल. — शू. दार वाजलं. पावलं तिचीच आहेत, चपला ओढते कशी बघ, ऐकतेय बाहेरून.

तू ऊठ. ऊठ म्हटलं ना, पेला ठेव, भात नाही मिळायचा, जोपना एकदा वाढलं की उठत नाहीत. साखर राहू दे. जा तू आता, मागच्या दारानं जा — मला घरातल्या जोपशी भांडायचंय. ए सेली जोप! बाहेर उभी राहून काय ऐकतेस, गुलामा, आत ये!